कोकेननं भावाच्या मेंदूतले रिसेप्टर ‘जळाले’ का?

ताई, तुमचा प्रश्न इतर वाचणाऱ्यांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. धाकटा भाऊ सव्वीस वर्षांचा, विट्याकडचा. मामांच्या गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, दुकानात परराज्यात कामाला होता आणि तिथं दोन वर्षं कोकेन ओढत होता. घरी कळल्यावर त्याला गावी आणलं. आता सात आठवडे झाले, सगळं बंद आहे. पण तो दिवसदिवस पडून असतो, जेवणात लक्ष नाही, भाचीला उचलून घेत नाही, विचारलं की ‘कशातच मजा नाही’ एवढंच म्हणतो. कुणीतरी तुम्हाला सांगितलं की त्याच्या मेंदूतले डोपामाइनचे रिसेप्टर जळाले, आता हा जन्मभर असाच राहणार. हे खरं का, स्कॅनमध्ये दिसेल का, डोपामाइन वाढवायची गोळी किंवा खाजकुयलीचं चूर्ण द्यावं का, आणि मामा दिवाळीनंतर त्याला परत बोलावताहेत तर पाठवावं का, असं तुम्ही विचारलंय.

जळालेले नाहीत. कमी झालेले असतील, आणि ते बऱ्याच अंशी भरून यायची शक्यता चांगली आहे. मात्र मामांच्या प्रश्नाचं उत्तर रिसेप्टरच्या संख्येत सापडत नाही, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

मी सांगली-मिरज भागात मानसोपचाराची प्रॅक्टिस करतो. आमच्याकडे व्यसनाच्या ओपीडीत दारू आणि तंबाखूचंच राज्य असतं. कोकेनवाला पेशंट बहुधा बाहेरगावी राहून आलेला. देशभरातही हे प्रमाण छोटंच आहे: २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत १० ते ७५ वयोगटातले ०.१० टक्के लोक, म्हणजे साधारण १०.७ लाख, कोकेन घेणारे निघाले. त्यामुळे घरच्यांना याची माहिती नसते, शेजाऱ्यांना नसते, आणि मग मोबाईलवर जे सापडेल ते खरं वाटतं.

मोबाईलवर डोपामाइनला सर्रास ‘सुखाचं रसायन’ म्हणतात. ते अर्धवट आहे. सुख चाखवण्यापेक्षा ‘हे महत्त्वाचं आहे, लक्षात ठेव, पुन्हा मिळव’ असं मेंदूला बजावण्याचं काम ते जास्त करतं. एक चेतापेशी ते दोन पेशींमधल्या फटीत सोडते, समोरच्या पेशीवरचे रिसेप्टर ते टिपतात, आणि काम झालं की ट्रान्सपोर्टर नावाचं प्रथिन उरलेलं डोपामाइन मागं ओढून घेतं. कोकेन या ट्रान्सपोर्टरलाच अडवतं. मोरीला बोळा बसला की नळ तेवढाच चालू असूनही पाणी तुंबतं, तसं डोपामाइन फटीत तुंबतं. अमेरिकेतल्या व्यसन-संशोधक नोरा वोल्कोव्ह यांच्या गटानं १९९७ साली पेट स्कॅन करून हे मोजलं. व्यसनी माणसं नेहमी घेतात तेवढ्या डोसनं ६० ते ७७ टक्के ट्रान्सपोर्टर अडले, आणि नशा जाणवायला निदान ४७ टक्के अडावे लागतात असं दिसलं. नाकानं ओढलेल्या कोकेनचा भर साधारण अर्ध्या तासात ओसरतो. म्हणून पुन्हा एक लाईन, मग आणखी एक, आणि रात्र संपते.

आता रिसेप्टर. डोपामाइनचे रिसेप्टर पाच प्रकारचे असले तरी घराणी दोनच: डी-वन आणि डी-टू. ढोबळमानानं सांगायचं तर डी-वन मोठ्या उसळीला जागे होतात, डी-टू मात्र संथ, बारीक प्रमाणातल्या डोपामाइनलाही दाद देतात. रात्रंदिवस तुंबलेलं डोपामाइन समोर आलं की मेंदू जुळवून घेतो, आणि त्यात डी-टू कमी होतात. दीर्घकाळ कोकेन घेणाऱ्यांच्या स्कॅनमध्ये स्ट्रायटम या मेंदूच्या आतल्या भागात डी-टू रिसेप्टर सरासरी १५ ते २० टक्क्यांनी कमी दिसतात, आणि बंद करून तीन-चार महिने झाले तरी ही तूट दिसलेली आहे. १९९३ च्या एका अभ्यासात असंही आढळलं की ज्यांचे डी-टू जास्त घटले, त्यांच्या कपाळामागच्या, म्हणजे आवर घालणाऱ्या, निर्णय तोलणाऱ्या भागाचं कामही मंदावलं होतं. ‘त्याला कळतं पण वळत नाही’ असं तुम्ही लिहिलंय. ते सोंग नसतं.

रिसेप्टरवर बोलताना लोक दुसरी बाजू विसरतात. टिपणारे कमी होतात, तसं सुटणारं डोपामाइनही कमी होतं. व्यसन थांबवलेल्यांना मेथिलफेनिडेट हे ट्रान्सपोर्टर अडवणारंच औषध शिरेतून देऊन पाहिलं, तेव्हा त्यांच्या स्ट्रायटममध्ये डोपामाइन जितकं वाढलं ते व्यसन नसलेल्यांच्या निम्म्याहूनही कमी होतं. सोडणारा हात आखडलेला आणि घेणारी ओंजळ लहान झालेली, अशा मेंदूपुढं तुमच्या आईनं आवडीचं मटण ठेवलं तर तो म्हणणारच, ‘ठेवा, नंतर बघतो.’ भाचीवर प्रेम नाही म्हणून तो तिला उचलत नाही असं नका समजू.

भरून येतं का? माणसांवर हे नीट तपासणं अवघड, कारण कुणी किती घेतलं, सोबत काय घेतलं, आधी मेंदू कसा होता, काहीच पक्कं कळत नाही. म्हणून माकडांवरचा एक प्रयोग मी घरच्यांना नेहमी सांगतो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात आधी स्कॅन केले, मग माकडांना स्वतः कळ दाबून कोकेन घेऊ दिलं. आठवड्यातच डी-टू घसरले. ज्यांना आठवडाभरच कोकेन मिळालं, त्यांचे तीन आठवड्यांत पूर्ववत झाले. वर्षभर घेतलेल्या पाच माकडांपैकी तिघांचे बंद केल्यावर तीन महिन्यांत पहिल्यासारखे झाले. उरलेल्या दोघांचे मात्र वर्ष उलटलं तरी आले नाहीत. तुमच्या भावाला हा हिशेब जसाच्या तसा लागू करता येणार नाही, पण दोन गोष्टी त्यातून दिसतात. सात आठवडे हा फार लवकरचा टप्पा आहे. आणि एकाच डब्यातून एकच माल घेतलेल्या दोघांची भरपाई वेगवेगळी होऊ शकते. त्यामुळे ‘तो अमका तर दोन महिन्यांत टुणटुणीत झाला’ ही तुलना घरात नको.

त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट होती: ज्या माकडांचे डी-टू मुळातच कमी होते, त्यांनी कोकेन जास्त घेतलं. म्हणजे स्कॅनमध्ये दिसणारी सगळी तूट कोकेननंच केली असं म्हणता येत नाही, काही आधीची असू शकते. २००२ चा एक प्रयोग तर याहून बोलका आहे. एकेकटी राहणारी माकडं चार-चारच्या कळपात ठेवली. जी वरचढ ठरली त्यांचे डी-टू सुमारे २० टक्क्यांनी वाढले आणि त्यांना कोकेनची फारशी ओढ लागली नाही. जी दबून राहिली त्यांचे वाढले नाहीत आणि ती कोकेनकडे वळली. माकडांवरून माणसांच्या घराबद्दल बोलायची घाई मी करत नाही. तरीही रोज चारचौघांत ‘चरशी’ म्हणून ज्याचा उद्धार होतो आणि घराच्या किल्ल्याही ज्याच्यापासून लपवल्या जातात, तो लवकर सावरत नाही, एवढं ओपीडीत बसून मला दिसतंच. (पैसे लपवा. तो वेगळा मुद्दा, पुढं येतो.)

स्कॅनवर पैसे घालवू नका. या अभ्यासांतला पेट स्कॅन कॅन्सरसाठी करतात तो नव्हे. त्यात रॅक्लोप्राइड नावाचं द्रव्य किरणोत्सारी कार्बन लावून टोचतात, आणि तो कार्बन दर वीस मिनिटांनी निम्मा होतो, म्हणून तो जिथं बनतो तिथंच वापरावा लागतो. शिवाय १५-२० टक्क्यांची तूट ही गटांची सरासरी आहे. एकट्या माणसाचा आकडा पाहून हा व्यसनी, तो निर्व्यसनी असं सांगता येत नाही. रक्तातून ‘डोपामाइन लेव्हल’ काढून देणारे पॅकेज तर निव्वळ फुकट. रक्तातल्या डोपामाइनवरून मेंदूतलं कळत नाही. त्यापेक्षा हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ करून घ्या. मरगळीची ही कारणं स्वस्तात सापडतात आणि बरी होतात.

गोळीचं म्हणाल तर कोकेनचं व्यसन सोडवणारं म्हणून मान्यता मिळालेलं एकही औषध आज नाही. डोपामाइनसारखं काम करणारी औषधं वापरून झाली, एल-डोपा वापरून झालं, हाती फार काही लागलं नाही. खाजकुयलीच्या बियांत हेच एल-डोपा असतं. पार्किन्सनमध्ये त्याचा उपयोग आहे हेही खरं. पण रिकाम्या झालेल्या यंत्रणेत कच्चा माल ओतला की ती चालू होते असं नाही, आणि बाजारातल्या चूर्णात किती एल-डोपा आहे याचा नेम नसतो. मळमळ, बीपी उतरणं, क्वचित भास होणं, हे सगळं त्यातून होऊ शकतं. नको. उलट बाजूही बघा: कुणी त्याला शांत राहण्यासाठी डी-टू अडवणारी गोळी चालू केली असेल, आणि त्याला भास किंवा संशय असं काही नसेल, तर ती कशासाठी आहे हे डॉक्टरांना विचारा. आधीच कमी असलेल्या रिसेप्टरवर ती आणखी पडदा टाकते. स्वतःहून बंद मात्र करू नका.

मरगळ आणि डिप्रेशन यांत फरक आहे. ‘मजा येत नाही’ इथवर वाट पाहता येते. ‘माझ्यामुळं सगळ्यांना त्रास’, ‘मी नसतो तर बरं’ अशी भाषा आली, पहाटे तीनला झोप उडायला लागली, की वाट बघायची नाही. त्याच दिवशी दाखवायचं. रात्री-अपरात्री टेलिमानसचा १४४१६ हा नंबर चालतो. व्यसनासाठीची सरकारी हेल्पलाइन १४४४६.

एक शंका मला पहिल्यापासून आहे: तो घेत होता ते कोकेनच होतं का? विकणाऱ्यानं सांगितलं म्हणून ते कोकेन होत नाही. कोकेन दक्षिण अमेरिकेतल्या कोकाच्या पानांपासून निघतं, इथं पोचेपर्यंत त्याची किंमत अफाट होते. त्याच नावाखाली एमडी, म्हणजे मेफेड्रोन हे कारखान्यात बनणारं ड्रग, खपवणं विकणाऱ्याला परवडतं. एमडी कुठं बनतं हे आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुपवाडला केवढा साठा धरला ते पेपरात सगळ्यांनी वाचलंय. मेंदूच्या दृष्टीनं फरक असा की एमडी मोरीही अडवतं आणि नळही मोकळा सोडतं, शिवाय सिरोटोनिन या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनालाही हात घालतं. सोडल्यावरची मरगळ दोन्हींत येते, पण वर सांगितलेले आकडे कोकेनचे आहेत, एमडीला ते तसेच चिकटवू नका. पुढं कधी लघवीची तपासणी कराल तेव्हा लॅबला विचारा की पट्टीत काय काय धरलं जातं. कोकेनचा अंश दोन-तीन दिवस सापडतो, नेहमीच्या पट्टीवर एमडी बहुधा सापडतच नाही. ‘निगेटिव्ह’ वाचून घरभर पेढे वाटले जातात, आणि तपासलं दुसरंच असतं.

आता मामा. इथं मी जास्त वेळ घेणार आहे, कारण घरच्यांची गफलत नेमकी इथं होते. सगळ्यांच्या डोक्यात हिशेब असा असतो की दिवस जातील तसा मेंदू सुधारेल, ओढ कमी होईल, चार महिन्यांत गडी मोकळा. यातला पहिला भाग बरोबर आहे. मरगळ उतरत जाते, झोप बसते, जेवण चव देऊ लागतं. पण कोकेनशी जोडलेल्या खुणा दिसल्यावर उसळणारी ओढ या वेळापत्रकानं चालत नाही. २००१ मध्ये उंदरांवर दिसलं की कोकेन बंद केल्यावर पहिले दोन महिने खुणांमुळं होणारी ओढ उलट वाढतच गेली. ते उंदरांचं म्हणून सोडून द्यावं, तर २०१६ मध्ये माणसांवर ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपणारं यंत्र, लावून केलेलं काम आलं. बंद करून दोन दिवस झालेल्यांपासून वर्ष झालेल्यांपर्यंत वेगवेगळ्या टप्प्यांवरच्या लोकांना कोकेनची चित्रं दाखवली. ‘ओढ किती वाटते?’ या प्रश्नाचं उत्तर जितके दिवस जास्त तितकं खाली. मेंदूची लहर मात्र एक महिना ते सहा महिन्यांच्या टप्प्यावर वर चढलेली, आणि वर्षाजवळ उतरलेली. म्हणजे ‘आता मला काही वाटत नाही, मी ठीक आहे’ असं माणूस अगदी मनापासून सांगत असतो, आणि त्याच काळात त्याचा मेंदू खुणेला सगळ्यात जास्त दचकत असतो. दिवाळी झाली की तुमच्या भावाला चार महिने होतील. हिशेब तुम्हीच करा.

खूण म्हणजे काय, हे घरच्यांना सांगूनही पटत नाही. कोकेन घेणाऱ्यांना त्याचे व्हिडिओ दाखवले तरी स्ट्रायटमच्या वरच्या भागात डोपामाइन वाढतं, एक कणही न घेता. हे २००६ मध्ये मोजलेलं आहे. म्हणून तुमच्या पत्रातलं ‘गलाई’ हे वाचल्यावर मी थबकलो. गलाईच्या भट्टीत सोनं वितळवताना मुशीत काय टाकतात? टाकणखार. पांढरी पूड, वाटीत काढलेली, दिवसातून कितीदा तरी. मुशीजवळ बसलेल्या मुलाच्या नजरेसमोर ती सतत असणार. शिवाय तेच गाव, तोच माल पोचवणारा, तीच मागची खोली, संध्याकाळी हातात रोकड. गावाकडंही खुणा आहेतच. कॅरम बोर्डावरची पावडर पाहून तळहाताला घाम फुटतो असं सांगणारे असतात, पण त्या मोजक्या आहेत आणि टाळता येतात. दुकानात त्या कामाचाच भाग आहेत. परत पाठवायचं असेल तर वर्षाआधी नको, आणि त्याच शहरात तर त्यानंतरही नको, असं माझं मत.

मग तोवर काय? पहिली झोप. नुसत्या एका रात्रीच्या जागरणानं धडधाकट माणसाच्या स्ट्रायटममधले वापरात येणारे डी-टू घटलेले स्कॅनमध्ये दिसतात, हे वोल्कोव्ह यांच्याच गटाचं काम. त्यामुळे रात्री दहानंतर मोबाईल घराच्या पुढच्या खोलीत, आणि दिवसा पडून राहिला तरी सकाळी सातला उन्हात आणायचा. व्यायाम दुसरा. मेथ (मेथॲम्फेटामिन हे दुसरं ड्रग) घेणाऱ्यांमध्ये आठ आठवडे नियमित व्यायामानं डी-टू वाढल्याचं एका छोट्या अभ्यासात दिसलंय. कोकेनमध्ये तसंच होईल याची हमी मी देत नाही, पण नुकसान शून्य आहे.

सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो बक्षिसाच्या पद्धतीला. आठवड्यातून दोनदा लघवी तपासायची, स्वच्छ आली की ठरलेलं छोटं बक्षीस त्याच दिवशी, लगेच. वस्तू किंवा सोय, रोकड नव्हे. ‘सहा महिने नीट राहिलास तर बुलेट घेऊन देऊ’ याचा उपयोग होत नाही. लांबचं बक्षीस तोलायला जो मेंदू लागतो तोच सध्या आजारी आहे. हे घरच्या घरी न करता मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात किंवा जवळच्या मानसोपचारतज्ज्ञांकडं बसून ठरवा, म्हणजे भांडणं कमी होतात. पोलिसांची भीती मनात असेल तर एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याचं कलम ६४-अ स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचाराला येणाऱ्याच्या बाजूनं आहे, एवढं लक्षात ठेवा.

दारू पूर्ण बंद. ‘कोकेन सोडलंय, एखादी बिअर चालेल’ हे चालत नाही. कोकेन आणि दारू एकत्र गेली की यकृतात कोकाइथिलीन तयार होतं, ते हृदयाला जास्त घातक. आणि दोन पेगनंतर जुना नंबर लावायला बोट आपसूक जातं. कधी घसरलाच, आणि छातीत दुखायला लागलं, तर इमर्जन्सीत ‘कोकेन घेतलंय’ हे शब्द पहिल्या वाक्यात सांगा. एका अभ्यासात कोकेन घेतल्यावरच्या पहिल्या तासात हार्ट ॲटॅकचा धोका २४ पटींनी वाढलेला आढळला, आणि अशा पेशंटला बीटा-ब्लॉकरसारखी नेहमीची औषधं विचार करून द्यावी लागतात. लाजेपायी ते लपवलं तर डॉक्टर चुकीच्या वाटेनं जातो.

आणि हो, ‘लग्न लावून दिलं की सुधारेल’ असं आजी म्हणतात, ते तूर्त बाजूला ठेवा. दुसऱ्याच्या मुलीला औषध म्हणून वापरू नये.

मामांना नकार द्यायचा म्हणजे तुमच्या आईला अवघड जाणार, ते मला समजतं. त्यांच्याकडं काम आहेच तर हिशेब, जीएसटी, फोनवरच्या ऑर्डरी असं काहीतरी विट्यात बसून करता येईल का विचारा, पगार आईच्या खात्यावर. पुढच्या वेळी भावाला दाखवायला नेताना मामांनाही सोबत घ्या. डोपामाइन त्यांना कळो न कळो, टाकणखाराचं त्यांना एका वाक्यात कळेल.